देवचंद कापगतेचा डावा पाय

केशोरीच्या देवचंद कापगतेच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते. एक, ज्यांना ऑर्गन कळत नाही. आणि दुसरे, ज्यांना तो कळत नाही पण कळतो असं वाटतं. पहिल्यांना तो माफ करायचा, कारण त्यात त्याची बायको, सून आणि दोन बैल येत होते. दुसऱ्या प्रकारातलं कोणी समोर आलं की त्याचं नाक वर चढायचं, आणि एकदा चढलं की चहा थंड होईपर्यंत खाली येत नसे.

हा ऑर्गन म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकातला. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक होतं, आणि रंगमंचापुढे तबल्याशेजारी शाळेतल्या टेबलाएवढं एक लाकडी वाद्य मांडलेलं असतं. खाली दोन पायडलं असतात. ती दोन्ही पायांनी आळीपाळीने दाबत राहायची, म्हणजे पोटातल्या भात्यात हवा खेळती राहते. बोटं वर पट्ट्यांवर. पाय थांबले की सूर मेला. देवचंद हे बेचाळीस हंगाम करत आला होता.

सतराव्या वर्षी, बंद पडलेल्या एका कंपनीचा ऑर्गन त्याच्या बापाच्या गोठ्यात येऊन पडला होता. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लेलं. देवचंदने तो ऑर्गन सुटा करून अंगणभर मांडला, बकऱ्याचं कातडं आणून चिकटवलं, आणि तीन महिन्यांनी त्यातून पहिला सूर निघाला तेव्हा मनकर्णाबाई, म्हणजे त्याची तेव्हाची नवी नवरी, घाबरून शेजारी पळाली. गुरू असा त्याला कोणी मिळालाच नाही. त्यामुळे गुरूबद्दलसुद्धा आदर बाळगायची वेळ त्याच्यावर आली नाही.

घर कोहळी जातीचं. आजे-पणजे तलाव बांधणारे. त्यामुळे त्याला एकच गोष्ट रक्तातून कळली होती, आणि ती तो तबलजीपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवायचा. "भाता म्हंजे बोडी होय. बोडी कधी रिकामी होऊ द्याची नाही. आन तुडुंब भरून फुटूबी द्याची नाही. पानी सोडता सोडता भरत राहाचं." शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, जशी राखायची तशी हवा राखायची, एवढं साधं होतं ते. पण हे त्याच्याशिवाय कोणाला जमलं नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

कीबोर्डवाल्यांना तर तो वादक मानतच नव्हता. नव्या कंपन्यांमध्ये सडक अर्जुनीकडचा स्वप्निल नावाचा एक तिशीतला माणूस कीबोर्ड वाजवायचा. एकाच यंत्रातून सनई, बासरी, पाऊस, घोड्याच्या टापा सगळं काढायचा. भेटला की वाकून पाया पडायचा. देवचंद पाय मागे घ्यायचा.

"वायरवर चालते तुहं डबडं," तो म्हणायचा. "लाइन गेली का तू गेला. कायले पाया पडतं? मले काही वायर लावाची नाही."

पण स्वप्निल निदान स्वतःला रसिक म्हणवत नव्हता. देवचंदचा खरा राग होता तो योगराज लंजेवर. योगराज नहर विभागातून निवृत्त झालेला माणूस. पस्तीस वर्षं कालव्याच्या गेटाची चाकं फिरवून शेतकऱ्यांना पाणी सोडलं, निवृत्तीनंतर गोंदियाला लागून कुडव्यात घर बांधलं, आणि तिथे बसून त्याने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला: 'ऑर्गन वार्ता आणि आनंद'. सदस्य त्रेचाळीस. त्यात ऑर्गन वाजवणारे तीन. तिघांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं, आणि एक मागच्या वर्षी वारला होता. त्याच्या नंबरवरून त्याचा मुलगा सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा. तिसरा देवचंद. त्याला त्याच्या सुनेने, डिंपलने, न विचारता त्यात घातलं होतं.

रोज सकाळी सहाला योगराजची वार्ता पडायची. कुठल्याशा देशातल्या चर्चमधल्या पाइपांच्या ऑर्गनचा फोटो, त्याला किती हजार पाइप आहेत, तो दुरुस्त करायला किती वर्षं लागली, आता तो पुन्हा कधी वाजणार. खाली एखादा व्हिडिओ. मग बाकीचे सगळे हात जोडायचे, फुलं पाठवायचे, 'वा वा, स्वर्गीय' म्हणायचे. केशोरीच्या पुढे न गेलेली माणसं युरोपातल्या सुरांना स्वर्गीय म्हणत होती. देवचंद हे वाचून फोन पालथा आपटायचा, पण वाचल्याशिवाय तो दात घासायलाही उठायचा नाही.

एकदा न राहवून त्याने आवाज रेकॉर्ड करून टाकला. "योगराज, पाइप पाहाचे असन तं राइस मिलवर जा. तथी चिमण्या हायेत, बोअरचे पाइपबी पडले हायेत. आयुष्यभर नहराचे चाकं फिरवले, आता ऑर्गन शिकवून राहिला आमाले. एकदा तरी पायडल मारलं का बाप्पा तू?"

सगळ्या ग्रुपने ते ऐकलं. योगराजने लिहिलं, "नाही मारलं, भाऊ. धन्यवाद." दुसऱ्या दिवशी सहाला वार्ता पुन्हा हजर. देवचंदने डिंपलला सांगितलं की या माणसाला लाज काढली तरी कळत नाही.

आता जे सांगायचं ते मनकर्णाबाईशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, निदान देवचंदची तशी समजूत होती. त्याचा डावा पाय कामातून गेला होता. गुडघ्याची वाटी घासली, असं डॉक्टर म्हणाला. चालायला जमायचं, पण पायडल दाबायला गेलं की अशी कळ निघायची की बोटं पट्टीवरून घसरायची. मागचा अख्खा हंगाम त्याने एका पायावर काढला होता. उजव्याने दुप्पट जोर करायचा, लांब सूर टाळायचे, जिथे चार मात्रा धरायचं तिथे दोन मात्रांत तोडून वर मुरकी टाकायची. लोकांना मुरकी आवडते. नाटकाच्या सुरुवातीची नांदी, जी तो पूर्वी सात-आठ मिनिटं वाजवायचा, ती त्याने दीड मिनिटावर आणली. ऑर्गनच्या खालच्या भागाला चहूबाजूंनी हिरवं कापड लावलं, आणि विचारणाऱ्याला सांगितलं की उंदीर शिरतात.

"सांगून टाका नं कोनाले तरी," मनकर्णाबाई गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाली होती.

"कोनाले सांगू? त्या पब्लिकले? त्याईले पेटी आन ऑर्गनमंदला फरक समजत नाही. वर्षभर एका पायानं वाजवलं, एकाले तरी समजलं का?"

"नाही समजलं तं चांगलंच झालं."

"चांगलं कायचं," तो उसळून म्हणाला, "एकाले तरी समजाले पायजे होतं!"

मनकर्णाबाईने तेलाची वाटी उचलली आणि आत गेली. या माणसाशी बोलायला बसलं की चूल विझते, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

भाद्रपद संपता संपता मुन्नालालचा निरोप आला. मुन्नालालचं अर्जुनी मोरगावला कापडाचं दुकान, आणि देवचंद ज्या नाट्यकंपनीत वाजवायचा तिचा तो मालक. देवचंद बसने अर्जुनीला गेला. मुन्नालालने त्याला गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि एका गिऱ्हाइकाला साडी दाखवत दाखवतच बोलला.

"देवचंदभाऊ, देखो, मी साफ बोलतो. पोस्टर छापाले टाकून राहिलो. कलाकारांचे नाव झाले, तबला झाला. ऑर्गनसमोर काय लिवू?"

"बेचाळीस वर्षं काय लिवत होता?"

"नाराज नका होऊ. पब्लिक बोलते का आवाज दबते. पहिले कसा भरून यायचा, आता बीच बीच में दबते. स्वप्निल या हंगामाले खाली हाये. मले घाई नाही." त्याने साडीची घडी घातली. "तो कुडव्याचा लंजे ऑर्गनवाल्यांचा मेळावा ठेवून राहिला नं? तुमचा सत्कार हाये म्हने. मी येतो तिथी. नांदी ऐकतो, पूरी. मंग लिवतो."

देवचंद बसमधून परत येताना खिडकीबाहेर धानाकडे बघत राहिला. मुन्नालालची त्याला कीव आली. साड्या विकणारा माणूस नांदी ऐकून निकाल देणार! पण 'आवाज दबते' हे शब्द मुन्नालालच्या तोंडून आले होते आणि ते खरे होते, हे त्याच्या घशातून खाली उतरत नव्हतं. पोस्टरवर त्याचं नाव नसलेला हंगाम त्याने सतराव्या वर्षानंतर पाहिला नव्हता. नाव नसेल तर घरात बसायचं, आणि घरात बसून करायचं काय, तर योगराजच्या वार्ता वाचायच्या.

त्या महिन्यात योगराजच्या वार्तेलाही कसलं तरी खूळ लागलं. एकच बातमी तो फिरून फिरून टाकत होता. जुन्या काळी मोठ्या ऑर्गनला वीज नव्हती, तेव्हा हवा भरायला वेगळी माणसं असायची. वाजवणारा फक्त वाजवायचा. भात्याला बसणारा मागे बसून भाता ओढायचा, आणि दोघांचं जमलं तरच सूर लागायचा. पहिल्यांदा फोटो टाकला, आठवड्याने चित्र टाकलं, मग एक व्हिडिओ, मग पुन्हा तोच फोटो. 'ग्रुपवरील सर्वांनी ही माहिती अवश्य वाचावी आणि पुढे पाठवावी.' लोकांनी अवश्य वाचली, फुलं पाठवली. चौथ्यांदा तीच बातमी आली तेव्हा देवचंद डिंपलला म्हणाला, "याचं डोस्कं गेलं. नहराच्या पान्यावर बसून बसून गंजलं."

"मामाजी, तुमी ग्रुपमधून निघून काऊन नाही जात मग?" डिंपलने विचारलं.

देवचंदने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने भाजी चिरायला घेतली.

आश्विनातल्या एका रविवारी सकाळी टेम्पोत ऑर्गन घालून तो कुडव्याला गेला. सभागृहात शंभरेक खुर्च्या, त्यातल्या साठ-सत्तर भरलेल्या. भिंतीवर बॅनर. त्यावर योगराजने पाइपांचा एक अवाढव्य ऑर्गन छापला होता आणि त्याच्या कोपऱ्यात, पासपोर्टएवढा, देवचंद. देवचंदने बॅनर वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्चीत बसला. मग जे व्हायचं ते झालं. एका सदस्याने ऑर्गनवर स्वतः केलेली कविता वाचली. शाल आली, श्रीफळ आलं, फोटो आले. निवृत्त मुख्याध्यापकाने देवचंदला 'हार्मोनियमचे महामेरू' म्हटलं. स्वप्निलने कीबोर्डवर दोन गाणी वाजवली आणि टाळ्या घेतल्या. मुन्नालाल पहिल्या रांगेत पाय पसरून मोबाइल बघत बसला होता.

मग योगराजने पडद्यावर पाइपांच्या ऑर्गनचा व्हिडिओ लावला. देवचंदने डोळे मिटून घेतले, पण कान मिटता येत नाहीत. एक खालचा सूर सुरू झाला आणि सुरूच राहिला. वर बाकीचे सूर आले, गेले, पुन्हा आले. खालचा तसाच. दबला नाही, थरथरला नाही. देवचंदच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत आपोआप दाबला जात होता. त्याला त्या सुराचा हेवा वाटला, आणि असा हेवा वाटावा अशी वेळ योगराजने आणली म्हणून त्याचाही राग आला.

"आता देवचंदभाऊंची नांदी," योगराज माइकवर म्हणाला. मुन्नालालने मोबाइल खिशात घातला.

देवचंद ऑर्गनवर जाऊन बसला. हिरव्या कापडाआड उजवा पाय पायडलवर ठेवला. डावा नुसता टेकवला. आज संपलं, हे त्याला बसताक्षणीच कळलं. पूर्ण नांदी म्हणजे सुरुवातीचा लांब आलाप, आणि तो एका पायावर निघत नाही. दुसऱ्या ओळीला बोडी कोरडी पडणार आणि मुन्नालालला काही कळत नसलं तरी एवढं कळणार.

"थांबा, भाऊ," योगराज अजून माइकवरच होता. "मंडळी, आपन महिनाभर वार्ता वाचली. मोठ्या ऑर्गनले हवा भरनारा मानूस वेगळा राहत होता. वाजवनारा वेगळा. आज आपन तो जुना प्रकार प्रत्यक्ष पाहू. भात्याले कोनी तरी बसाले लागन." तो थोडा थांबला. "कोनी येत नाही तं मीच बसतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी चार-चार वेळा वाचलेली गोष्ट होती, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मुख्याध्यापक शेजाऱ्याला समजावून सांगू लागला की युरोपात असंच असतं.

योगराज एक पाट घेऊन आला. इस्त्रीचा सफारी घातलेला त्रेसष्ट वर्षांचा माणूस ऑर्गनच्या बाजूला त्या पाटावर बसला, त्याने हिरवं कापड वर सारलं, आणि दोन्ही हात दोन पायडलांवर ठेवले. तिथे देवचंदचा डावा पाय नुसता टेकलेला होता. योगराजने तो हळूच उचलून बाजूला ठेवला, मग उजवाही.

"निघ अथून," देवचंद दातांमधून म्हणाला. "तमाशा लावला का?"

"बोडी भरून राहिलो, भाऊ," योगराज खालून म्हणाला. "तुमी चाला."

भाता भरल्याचं बोटांना कळतं. देवचंदने पहिला सूर दाबला तो निव्वळ रागाने, या माणसाला तोंडावर पाडायला. सूर उभा राहिला. त्याने तो धरून ठेवला, चार मात्रा, आठ मात्रा, सोळा. सूर दबला नाही. मग त्याने मुद्दाम लय मोडली, म्हटलं आता चुकेल. हवा त्याच्याबरोबर मोडली आणि बरोबर सावरली. त्याने वरचा सूर घ्यायच्या आधी खाली दोन झटपट दाब पडले, जसे तो स्वतः पूर्वी द्यायचा तसेच. देवचंद चमकला. मग त्याने एक जागा घेतली जी त्याने पंधरा वर्षांत घेतली नव्हती, जी तो स्वतःही जवळजवळ विसरला होता. खालून अगदी मंद, सुताएवढी हवा आली, जेवढी त्या जागेला लागते तेवढीच. पायडलला कधी पाय न लावलेला माणूस हे करत होता. त्याला देवचंदची प्रत्येक नांदी श्वासासकट पाठ होती.

मग देवचंदने त्याला पाडायचा नाद सोडला आणि वाजवलं. नऊ मिनिटं. शेवटचा खालचा सूर त्याने धरला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

टाळ्या संपता संपता मुन्नालाल ऑर्गनपाशी आला. "क्या बात है, देवचंदभाऊ! पहिल्यासारखा भरून आला. जमलं, लिवतो तुमचं नाव. हंगामात पाय चालवा जरा जोरात, बस."

योगराज सफारीची धूळ झटकत उभा राहिला होता. देवचंदने फक्त 'हो' म्हणायची खोटी होती. पोस्टरवर नाव आलं असतं, आणि पहिल्याच मंडईला त्याचा काय तो निकाल लागला असता. पण असल्या लबाडीबद्दल तो इतरांना जन्मभर नावं ठेवत आला होता.

"माहा डावा पाय गेला," तो मोठ्याने म्हणाला. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. "मागचा हंगाम एका पायानं काढला. तुमाले कोनालेबी समजलं नाही, बेअक्कल लोकं. नाव टाकाचं असन तं दोघाचं टाक. ऑर्गन, देवचंद कापगते. आन खाली भाता, योगराज लंजे. तेवढ्याच अक्षरात. बारीक टाकलं तं मी येत नाही."

मुन्नालालने योगराजकडे पाहिलं. योगराजने होकाराची मान हलवली.

ऑर्गन टेम्पोत चढवून झाल्यावर देवचंद मागच्या फळीवर बसला. योगराज दोरी बांधत होता.

"तुले कवा समजलं?" देवचंदने विचारलं.

"मागच्या हंगामात. पयल्याच मंडईले. मी पुढंच बसलो होतो, ऑर्गनपाशी. तिथीच बसतो मी. दुसऱ्या ओळीत हवा एका बाजूनं येऊन राहिली, असं वाटलं. मंग ते हिरवं कापड दिसलं."

"वरीस झालं. मंग मले बोल्ला काऊन नाही?"

योगराजने गाठ ओढली, पक्की आहे का ते पाहिलं.

"तुमाले कोन सांगन, भाऊ?"

टेम्पो सुरू झाला. देवचंदने फळीवर थोडं सरकून जागा केली आणि डाव्या हाताने ती दोनदा थोपटली, तेव्हा योगराज चपला हातात घेऊन वर चढला.